गणपतीहून परतल्यावर घरभर पिसवा : बंद घरातल्या प्रादुर्भावाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यातला तळमजल्यावरचा फ्लॅट. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागच्या दाराबाहेर सोसायटीच्या भिंतीपर्यंतचा अरुंद, कायम सावलीतला पट्टा. घरात नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आजी. शेरू हा चार वर्षांचा, 16 किलोचा देशी कुत्रा. मनी ही दोन वर्षांची, 3.2 किलोची मांजर. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

शेरूला उन्हाळ्यात गोचिडीसाठी दर महिन्याला औषध दिलं जायचं. पाऊस सुरू झाला की गोचीड कमी होते, असं धरून मे अखेरीस ते थांबवलं गेलं. जुलैपासून तो शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडायला लागला. त्यावर दर रविवारी कडुनिंबाच्या शाम्पूने आंघोळ सुरू झाली. बादलीत दोन-चार पिसवा तरंगताना दिसायच्या आणि काम झालं असं वाटायचं. मनी घराबाहेर जात नाही म्हणून तिला कधीच औषध नव्हतं. पण ती दिवसभर मागच्या दाराच्या जाळीला टेकून बसायची, आणि जाळीच्या पलीकडे पावसापासून आडोसा शोधणारी दोन-तीन भटकी मांजरं.

गणपतीला कुटुंब 11 दिवस रत्नागिरीकडे गावी गेलं. शेरू आणि मनी कल्याणच्या नातेवाइकांकडे. घराला कुलूप, खिडक्या बंद.

समस्या

परतल्या संध्याकाळी दार उघडून सामान आत घेतलं. दहा मिनिटांत मुलगी पाय खाजवायला लागली. वडिलांच्या पांढऱ्या मोज्यांवर घोट्यापर्यंत तिळासारखे काळे ठिपके होते, आणि बोट लावलं की ते उडत होते. आजींच्या दोन्ही पायांवर गुडघ्याखाली तीन-तीन, चार-चार चाव्यांचे पुंजके उठले. जनावरं घरात नव्हती. अकरा दिवस घरात कोणीच नव्हतं. मग इतक्या पिसवा आल्या कुठून, हाच सगळ्यांचा पहिला प्रश्न होता.

उत्तर पिसवेच्या आयुष्यक्रमात आहे. मादी अंगावर चढून रक्त प्यायली की दीड दिवसाच्या आत अंडी घालायला लागते आणि भरात असताना दिवसाला 40-50 अंडी घालते. अंडी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, पांढरी आणि गुळगुळीत असतात. ती केसांना चिकटून राहत नाहीत. जनावर जिथे बसतं, लोळतं, अंग झाडतं तिथे ती गळतात. त्यातून निघालेल्या अळ्या उजेड टाळून फटीत, गादीच्या शिवणीत, दिवाणाखाली शिरतात. त्यांचं मुख्य खाणं म्हणजे मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे सुकलेलं रक्त. तेही त्याच अंगावरून त्याच जागी गळलेलं असतं. पुढे अळी चिकट कोष विणते, त्यावर धूळ बसते आणि तो फरशीच्या केरासारखाच दिसायला लागतो. पावसाळ्यातल्या उबदार, दमट हवेत हा सगळा प्रवास साधारण तीन आठवड्यांत पुरा होतो. पण कोषात तयार झालेली पिसू लगेच बाहेर येईलच असं नाही. उब, हादरे आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवेपर्यंत ती आत आठवडेच्या आठवडे थांबू शकते.

जुलै-ऑगस्टमध्ये शेरू-मनीच्या अंगावरून गळलेली अंडी त्या अकरा दिवसांत कोषापर्यंत पोचली आणि शांत घरात थांबून राहिली. दार उघडलं, चार माणसं चालायला लागली, बॅगा आपटल्या, आणि एकाच संध्याकाळी बऱ्याच पिसवा एकदम बाहेर पडल्या. घर बंद असताना प्रादुर्भाव वाढला नव्हता, तो फक्त साठून राहिला होता.

पहिल्या तीन दिवसांत काय केलं गेलं

दुसऱ्या दिवशी सकाळी पेस्ट कंट्रोलवाले आले. झुरळांसाठी करतात तशी भिंतीच्या कडेकडेने फवारणी झाली. सोफा हलवला नाही, दिवाण उचलला नाही. घराला वास येतो म्हणून त्याच संध्याकाळी फिनेल टाकून सगळी फरशी पुसली गेली. जिथे पिसवा होत्या तिथे औषध पोचलं नाही, आणि जिथे पोचलं होतं तिथून ते पुसलं गेलं. शिवाय फिनेलसारखी जंतुनाशकं मांजरांना घातक असतात, आणि फरशीवर चालून पंजे चाटणारं मांजर ती हमखास पोटात घेतं.

त्याच्या पुढच्या दिवशी दोन्ही जनावरं घरी आली. औषधाच्या दुकानातून कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब आणले होते, त्यांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक होतं. ते शेरूला लावले. नळीत थोडं उरलं म्हणून चार थेंब मनीच्या मानेवर टाकले.

पहाटे मनीचे कान फडफडत होते, तोंडातून लाळ गळत होती आणि मागचे पाय थरथरत होते. तिला ताबडतोब दवाखान्यात आणलं.

कुत्र्यांना सहज सोसणारं पर्मेथ्रिन मांजरांना विषारी ठरतं. मांजराच्या यकृताला त्याचं विघटन पुरेशा वेगाने करता येत नाही. कुत्र्यांच्या थेंबांमधलं प्रमाण बरंच तीव्र असतं. 45 टक्क्यांच्या द्रावणाच्या 1 मिलिलिटरमध्ये 450 मिलिग्रॅम औषध येतं, म्हणजे 3 किलोच्या मांजराला किलोमागे 150 मिलिग्रॅम. एवढ्याने जीव जाऊ शकतो. चारच थेंब होते म्हणून मनी वाचली.

तिला भांडी घासायच्या द्रवसाबणाने कोमट पाण्यात दोनदा धुतलं. गरम पाणी वापरायचं नाही, कारण त्याने त्वचेतला रक्तप्रवाह वाढून औषध आणखी शोषलं जातं. गार पाणीही नाही, कारण थंडीने थरथर वाढते. स्नायूंचे झटके थांबवायला मेथोकार्बामॉलचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं आणि ती 30 तास देखरेखीखाली राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः खायला लागली.

तपासणीत काय आढळलं

शेरूला पांढऱ्या चादरीवर उभं करून पाठीपासून शेपटीकडे बारीक दातांच्या फणीने पंधरा मिनिटं विंचरलं. नऊ पिसवा निघाल्या आणि चमचाभर काळी भुकटी. ती ओल्या पांढऱ्या टिपकागदावर ठेवली, तेव्हा प्रत्येक कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला. नुसती माती असती तर असा डाग पडला नसता. पिसू एकही दिसली नाही तरी ही परीक्षा पुरते. मांजरांच्या बाबतीत तर तिच्यावरच भर द्यावा, कारण मांजर चाटून चाटून बहुतेक पिसवा गिळून टाकतं.

शेपटीच्या मुळाशी त्रिकोणी टक्कल आणि तळहाताएवढी ओली, चिघळलेली जखम होती. थोड्या चावण्याने एवढी जखम होणं म्हणजे पिसवेच्या लाळेची ॲलर्जी. अशा कुत्र्याला दोन-चार चावे पुरतात, त्यामुळे ‘पिसवा फार नाहीत’ हा दिलासा त्याच्या उपयोगाचा नसतो. हिरड्या गुलाबी होत्या, म्हणजे रक्त कमी झालेलं नव्हतं. पिल्लांमध्ये मात्र पहिल्यांदा हिरड्याच पाहाव्यात. पिसवांनी भरलेलं मांजराचं पिल्लू पांढरंफटक पडून दगावू शकतं.

शेपटीखाली काकडीच्या बीसारखे दोन पांढुरके तुकडे चिकटले होते, त्यांतला एक अजून हलत होता. हे पट्टकृमीचे तुकडे. याची अंडी पिसवेची अळी खाते, पुढे ती पिसू कुत्रा चाटताना गिळतो आणि जंत पोटात वाढतो. शेरूला तीन महिन्यांपूर्वी जंताचं औषध दिलेलं होतं. पण पिसवा अंगावर असेपर्यंत हा जंत दर तीन-चार आठवड्यांनी नव्याने दिसू शकतो. लहान मुलाच्या तोंडात पिसू गेली तर त्यालाही तो होऊ शकतो. असं क्वचितच होतं, तरी मुलीच्या पालकांना हे सांगितलं गेलं.

आजींनी वेगळाच प्रश्न विचारला: “पिसवा म्हणजे प्लेग नाही ना?” हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नव्हता. 1896 साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात पसरलेल्या प्लेगची आठवण मराठी घरांत अजून बोलण्यात आहे, आणि 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरची पिसूच तो रोग पसरवते हे दाखवलं होतं. म्हणून फणीत निघालेली पिसू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून आजींना दाखवली. गालाखाली आणि मानेमागे काळ्या काट्यांची एकेक ओळ, फणीच्या दातांसारखी. ही कुत्र्या-मांजरांची पिसू. प्लेगसाठी प्रसिद्ध असलेल्या उंदरांच्या पिसवेला या दोन्ही फण्या नसतात. घरात किंवा आवारात उंदीर मरून पडू लागले तरच महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा, असं सांगितल्यावर आजींचं समाधान झालं.

कोणते पर्याय तोलले गेले

पहिला पर्याय, पुन्हा पेस्ट कंट्रोल, या वेळी ‘जास्त कडक’. नेहमीची कीटकनाशकं कोषाच्या आत नीट पोचत नाहीत, मग ती कितीही कडक असोत. आणि विषबाधेतून नुकतंच उठलेलं मांजर घरात होतं.

दुसरा, घरगुती उपाय: लिंबाचं पाणी, मीठ, लसूण. यांतला एकही प्रादुर्भाव आटोक्यात आणत नाही. खाण्यातून दिलेला लसूण तर कुत्रा-मांजर दोघांच्याही तांबड्या रक्तपेशी फोडतो.

तिसरा, घराला हात न लावता फक्त जनावरांना दीर्घकाळ टिकणारं औषध. हा पर्याय वाटतो त्यापेक्षा बराच चांगला आहे. नव्याने निघालेली पिसू औषध दिलेल्या जनावराला चावते आणि अंडी घालण्याआधी मरते. जनावर म्हणजे घरभर फिरणारा सापळाच. मात्र तोवर माणसांना सहा-आठ आठवडे चावे सोसावे लागतात, आणि इथे मुलीच्या पायांवर तीसेक चावे होते.

चौथा, तिसऱ्यालाच घरातल्या कामाची जोड. हाच निवडला.

काय केलं

शेरूसाठी थेंब की गोळी, यावर विचार झाला. रविवारची आंघोळ कुटुंब सोडणार नव्हतं, आणि मनी त्याला रोज चाटायची. त्वचेवर लावायचं औषध आंघोळीने कमी होतं आणि चाटणाऱ्या मांजराच्या पोटात जातं. म्हणून आधी शेरूलाही साबणाने धुऊन अंगावरचं पर्मेथ्रिन काढलं, मग 10 ते 20 किलोच्या कुत्र्यांसाठीची 500 मिलिग्रॅमची फ्लुरालानरची गोळी दिली. ती भरल्या पोटीच द्यायची, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येतात, म्हणून पूर्वी कधी फिट आली होती का हे आधी विचारलं, आली नव्हती. गोळीचा परिणाम पिसवांवर 12 आठवडे टिकतो. पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल किलोला 5 मिलिग्रॅमप्रमाणे 80 मिलिग्रॅम. जखमेभोवतीचे केस कातरून सफाई, आणि खाजेसाठी पाच दिवस स्टेरॉइडची कमी मात्रा.

मनीची थरथर थांबून तीन दिवस गेल्यावर तिच्या मानेवर, जीभ पोचणार नाही अशा जागी, केस बाजूला करून थेट त्वचेवर सेलामेक्टिन या पिसवांवरच्या औषधाची 45 मिलिग्रॅमची मांजरांसाठीची नळी. पुढे दर महिन्याला एक. तोवर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवलं.

घरातलं काम कुटुंबाने केलं. पहिले तीन आठवडे रोज व्हॅक्यूम, तेही दिवाणाखाली, सोफ्याच्या गाद्यांच्या फटींत, कपाटामागे. मोकळ्या फरशीवर त्याचा फारसा उपयोग नाही. व्हॅक्यूमच्या हादऱ्यांनी कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि औषध दिलेल्या शेरूपर्यंत लवकर पोचतात, हा आणखी फायदा. पिशवी लगेच बांधून घराबाहेरच्या कचऱ्यात. चादरी, अभ्रे, पायपुसणी आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या पाण्यात. काथ्याची पायपुसणी फेकून दिली, ती धुऊन स्वच्छ होत नाहीत. फवारणी एकदाच, फक्त फर्निचरखाली, आणि अंडी-अळ्यांची वाढ रोखणाऱ्या पायरीप्रॉक्सिफेनची. ती पूर्ण सुकेपर्यंत जनावरं बाहेर, आणि फवारलेल्या जागेत दोन आठवडे पोछा बंद.

मोजण्यासाठी एक साधा सापळा: रात्री जमिनीवर ताटात पाणी आणि त्यात साबणाचे थेंब, वर टेबललॅम्प. उजेड आणि उबेकडे पिसवा उडी मारतात आणि साबणाच्या पाण्यात बुडतात. याने प्रादुर्भाव संपत नाही, पण खाली-वर होणारा आकडा दिसतो. परतल्यापासून तिसऱ्या रात्री 41, सातव्या रात्री 19, बाराव्या रात्री 11.

सोळाव्या दिवशीचा निर्णय

सोळाव्या रात्री ताटात 27 पिसवा. मुलीच्या पायांवर नवे चावे. सकाळी कुटुंबाची मागणी ठाम होती: गोळी लागू पडलेली नाही, दुसरी द्या, आणि घर पुन्हा फवारून घ्या.

अशी बरीच प्रकरणं नेमकी याच टप्प्यावर बिघडतात. औषध निकामी ठरवून दुसरं, मग तिसरं दिलं जातं, कुत्र्याला गरज नसताना दुप्पट मात्रा जाते आणि ‘पिसवा आता कशालाच मरत नाहीत’ अशी समजूत घट्ट होते. म्हणून आधी शेरूला पुन्हा विंचरलं. चार पिसवा निघाल्या, चारही मेलेल्या किंवा पाय हलवण्यापुरत्या जिवंत. काळी भुकटी जवळजवळ नव्हती. म्हणजे पिसवा अंगावर चढत होत्या, पण रक्त पिऊन अंडी घालण्याइतक्या जगत नव्हत्या. गोळी आपलं काम करत होती. या पिसवा गोळीच्या आधी घातलेल्या अंड्यांमधल्या होत्या आणि कोषातून उशिरा निघत होत्या.

पण 11 वरून एकदम 27? मधल्या दिवसांत काय हललं, हे विचारल्यावर कळलं की चौदाव्या दिवशी आजींची जुनी ट्रंक दिवाणाखालून ओढून बाहेर काढली होती. आणलीच आहे तर पाहू, म्हणून ती उघडली. वर तीन गोधड्या, आणि झाकण नीट बसत नसल्यामुळे मनी जुलैपासून दुपारची झोप तिथेच काढायची. सर्वांत वरच्या गोधडीच्या शिवणींत रवा आणि मिरपूड एकत्र सांडल्यासारखं दिसत होतं: पांढरी अंडी आणि काळी विष्ठा. शिवणींच्या आत धुळीने माखलेले कोष. घरातल्या सगळ्या जागांची यादी पहिल्याच दिवशी केली होती, पण ती शेरू कुठे झोपतो एवढंच विचारून.

दुसरी गोळी दिली नाही. पूर्ण फवारणीही केली नाही. गोधड्या मोठ्या पिशवीत बांधून लाँड्रीत गरम पाण्याला दिल्या, ट्रंक उन्हात उघडी ठेवली आणि दिवाणाखाली पायरीप्रॉक्सिफेनचा एक हात पुन्हा मारला.

परिणाम

तेविसाव्या रात्री 9, तिसाव्या रात्री 3, पंचेचाळिसाव्या रात्री शून्य, आणि पुढचा आठवडाभर शून्यच. शेरूची जखम तीन आठवड्यांत कोरडी झाली, केस दहाव्या आठवड्यापर्यंत भरून आले. पट्टकृमीचे तुकडे पुन्हा दिसले नाहीत. मनी ठीक आहे.

मागच्या सावलीतल्या पट्ट्यातली जुनी पोती आणि पालापाचोळा काढला, कारण तसल्या ओलसर सावलीतच बाहेरच्या अळ्या जगतात. उन्हात त्या टिकत नाहीत. भटक्या मांजरांचं खाणं जाळीपासून दूर, ऊन येतं त्या कोपऱ्यात हलवलं.

काय वेगळं करता आलं असतं

मे महिन्यात औषध थांबवणं ही मूळ चूक. गोचिडीचं गणित पिसवांना लावलं गेलं. कोकणपट्टीत पिसवांना लागणारा दमटपणा पावसाळ्यात सर्वांत जास्त असतो, आणि बाकीच्या महिन्यांतही तो पुरता जात नाही. इथे औषध बारा महिने, आणि घरातल्या प्रत्येक जनावराला, बाहेर न जाणाऱ्या मांजरालाही.

दवाखान्याकडूनही एक गोष्ट राहिली. तिसऱ्या दिवशीच “दोन-तीन आठवड्यांनी पिसवा पुन्हा वाढल्यासारख्या वाटतील, तेव्हा फोन करा, दुसरं औषध देऊ नका” असं लिहून द्यायला हवं होतं. तोंडी सांगितलं होतं, पण मांजराच्या काळजीत ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. आणि ‘जनावर कुठे झोपतं’ हा प्रश्न प्रत्येक जनावरासाठी वेगळा, दुपारचा आणि रात्रीचा वेगळा विचारायला हवा होता.

कल्याणच्या नातेवाइकांचा विचार सोळाव्या दिवसापर्यंत कोणीच केला नव्हता. शेरू आणि मनी औषधाविना तिथे तेरा दिवस राहिले होते. म्हणजे अंडी तिथेही गळली असणार, आणि त्या घरात सापळ्याचं काम करणारं जनावर नव्हतं. फोन केला तेव्हा त्यांच्याकडे घोट्यांवर चावे सुरू झालेच होते. डास समजून ते संध्याकाळी कॉइल लावत होते. त्यांना शेरूची झोपायची जागा विचारून तेवढ्या भागात रोज व्हॅक्यूम, फर्निचरखाली एक फवारणी आणि रात्रीचं साबणपाण्याचं ताट एवढं सांगितलं. तिथला आकडा पहिल्या रात्री 6 होता आणि तीन आठवड्यांत शून्यावर आला.

पुढच्या वर्षी निघायच्या आदल्या आठवड्यात दोन्ही जनावरांचं औषध, निघायच्या दिवशी दिवाण आणि सोफा सरकवून व्हॅक्यूम, आणि परतल्यावर मुलीला आत घेण्याआधी एका मोठ्या माणसाने पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून दहा मिनिटं सगळ्या खोल्यांतून चालायचं, असं ठरलं. मोज्यावर एकही काळा ठिपका दिसला तर सामान बाहेरच ठेवून आधी व्हॅक्यूम चालू करायचा.